एक खेळ, अनेक यंत्रे



बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मुकुंदराज आणि दासोपंत ह्यांच्या नावाने पुनीत झालेले नगर. त्यांपैकी दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘गीतार्णव’ हा प्रचंड ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, विपुल पदे रचिली आणि पंचीकरणाचा गहन विषय एका लांबलचक कापडावर उतरविला. ती ‘पासोडी’ महाराष्ट्रास सुपरिचित आहे. कागद, कंठ आणि कापड अशी तीन साधने एकाच ग्रंथकाराने हाताळली. परंतु ज्याने कापड विणले त्याची अनुज्ञा त्यांस मागावी लागली नाही. कापड एकदा घरी आले की त्यावर काय लिहावे हा प्रश्न विणकराचा उरत नसे.

आज ज्या कलेविषयी बोलावयाचे आहे, तीत मात्र विणकराचा हक्क कापड विकल्यावरही सुटत नाही. ही कला म्हणजे व्हिडिओ गेम. दूरचित्रवाणीस जोडून ज्यावर हे खेळ खेळतात, त्या यंत्रास कन्सोल म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे निरनिराळी. एकासाठी रचलेला खेळ दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही. म्हणून एकच खेळ सर्वत्र पोहोचवावयाचा तर तो पुन्हापुन्हा घडवावा लागतो, आणि प्रत्येक दारात मालकाची परवानगी घ्यावी लागते. ही रीत कशी पडली, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील अटारी कंपनीने आपले प्रसिद्ध घरगुती यंत्र १९७७ मध्ये विक्रीस आणले. त्यावरील खेळ प्रारंभी तीच कंपनी करीत असे आणि रचनाकारांची नावे गुप्त ठेवीत असे. ह्या वागणुकीस कंटाळून तिचे चार रचनाकार बाहेर पडले व १९७९ मध्ये ‘ॲक्टिव्हिजन’ ही संस्था उभी राहिली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ करणारी ही पहिली संस्था होय. अटारीने तिला न्यायालयात खेचले. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि दार उघडे राहिले. त्यातून बरेवाईट सर्वच आत शिरले. टाकाऊ खेळांचा बाजारात इतका सुळसुळाट झाला की १९८३ मध्ये अमेरिकेतील हा सारा धंदा कोसळला.

त्या पडझडीतून जपानच्या निंटेंडो कंपनीने धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या आपल्या यंत्रात तिने एक कुलूपच बसविले. तिने संमत केलेल्या खेळात त्या कुलपाची किल्ली असे. ती नसेल तर यंत्र खेळ चालूच देत नसे. परवाना घेणाऱ्यांस अटीही कडक होत्या. वर्षास पाचांहून अधिक खेळ काढावयाचे नाहीत; खेळाच्या कार्ट्रिज निंटेंडोकडूनच करवून घ्यावयाच्या; आणि तिच्या यंत्रावर आलेला खेळ दोन वर्षे अन्य कोणाच्या यंत्रावर न्यावयाचा नाही. ग्राहकास चांगला माल मिळू लागला हे खरे; तथापि खेळ कोठे, केव्हा आणि किती निघावेत हा निर्णय कलावंताच्या हातून गेला.

१९९० च्या सुमारास ही दोन वर्षांची अट सैल झाली, आणि विक्रीच्या इतिहासात नवे पर्व सुरू झाले. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा खेळ घरगुती यंत्रांसाठी १३ सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तो निंटेंडोच्या दोन व सेगाच्या दोन अशा चार यंत्रांवर एकाच दिवशी. तो सोमवार होता. त्या सोमवाराचीच जाहिरात जिकडेतिकडे झाली. निरनिराळ्या यंत्रांसाठी तो निरनिराळ्या मंडळींकडून घडवून घेतला होता. निंटेंडोच्या आग्रहामुळे तिच्या यंत्रावर रक्ताऐवजी घाम दिसे. सेगाच्या घरगुती यंत्रावर संकेताक्षरे दाबली की रक्त प्रकट होई. विक्रीत सेगाची बाजू वरचढ ठरली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये अशा खेळांविषयी चौकशी सुरू झाली. एकच खेळ दोन दारांतून जाताना दोन रूपांचा कसा होतो, ह्याचे हे ठळक उदाहरण.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाच्या छोट्या संस्थेने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ घडविला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. दुर्गा व विष्णू तिचे साह्य करतात. कथेचा काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपाने उलगडतो. २०१७ मध्ये जनतेकडून वर्गणी जमविण्याचा ह्या मंडळींनी प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही. शेवटी १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ प्रथम केवळ निंटेंडोच्या स्विच यंत्रावर आला. स्वतंत्र रचनाकारांच्या खेळांसाठी निंटेंडोने त्या दिवशी जो कार्यक्रम प्रसारित केला, त्यातच ‘राजी’ विक्रीस आल्याचे जाहीर झाले. नंतर १५ ऑक्टोबर २०२० रोजी तो संगणक, सोनीचे प्लेस्टेशन व मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ह्यांवर गेला. त्याच वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याची गणना होऊन नामांकन मिळाले, आणि २०२२ मध्ये हिंदी संवादांसह त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली.

ह्या दोन महिन्यांच्या अंतरात बराच अर्थ साठलेला आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या प्रकाशकाने चार दारे एकदम ठोठावली, कारण जाहिरातीसाठी मुबलक द्रव्य त्याच्या पदरी होते. पुण्याच्या मंडळींपाशी तसे बळ नव्हते. एक दार प्रथम आपले म्हणून पत्करले की त्या घरचा मालक आपल्याच ओसरीवरून तुमची दवंडी पिटतो. आणि त्या बदल्यात उरलेली दारे काही काळ बंद राहतात. पूर्वी लादली जाणारी अट येथे देवघेवीचा सौदा झाली आहे. मात्र सौद्यात एका बाजूस जगाची बाजारपेठ आणि दुसऱ्या बाजूस मूठभर कलावंत असले, म्हणजे तराजू कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको.

बीड किंवा परळीच्या एखाद्या तरुणास उद्या आपल्या मातीतली कथा ह्या नव्या पासोडीवर उतरवावीशी वाटली, तर चित्र, संगीत व गणित ह्यांबरोबर त्याने हा सौदाही शिकून घ्यावा. कोणते दार आधी, किती दिवसांसाठी आणि कशाच्या मोबदल्यात, हे ज्याने लेखी ठरवून घेतले, त्याची कथा घरोघर पोहोचेल व तिचे मोलही त्याच्या हाती राहील. दासोपंतांस ही चिंता नव्हती. त्यांच्या आजच्या वारसांस ती वाहिल्यावाचून गत्यंतर नाही.