नाताळच्या सुटीत रेडिओ नुसता ऐकू नका



आपल्या तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. मुंबई केंद्राचा आवाज १९२७ पासून हवेतून येऊ लागला. पण बोलणार एक, ऐकणार सगळे! १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने यात बदल केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळं निघाली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास ऐकायचं, लगेच चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. १९५९ पासून ही पद्धत देशभर गेली.

आता भात झोडून झालंय, रानात वाल उभा आहे. सुटीत भाषण, मुलाखत, श्रुतिका जे लागेल ते चौघांनी मिळून ऐका. एक तरी शंका कार्डावर लिहून धाडा. विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.