विजयाची परंपरा आणि खेळाडूंचा विसावा

एखाद्या देशाचा संघ जिंकला म्हणजे त्याच्या चालकांपुढे एक पेच उभा राहतो. जिंकलेली माणसे तशीच ठेवावीत, तर ती थकतात. बदलावीत, तर वर्षानुवर्षे जमलेला मेळ मोडतो. व्हॉलीबॉलमध्ये हा पेच अधिकच बिकट. येथे चेंडू हातात धरून विचार करावयास सवड नाही. सहाजणांना एकमेकांची सवयच असावी लागते. जपानने हा पेच दोन निरनिराळ्या रीतींनी सोडविला. त्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

पहिली रीत कायझुकाची. ओसाकाजवळच्या या गावी निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. तेथील महिला संघाचे शिक्षक हिरोबुमी दाइमात्सु हे इंफाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेले गृहस्थ. (मणिपुरात त्या जपानी फौजेची काय दशा झाली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दाइमात्सूंच्या कठोरपणाचे फारसे नवल वाटणार नाही.) मुली सकाळी आठला कामावर जात, दुपारनंतर सुटत, आणि मग मध्यरात्रीपर्यंत, कधी त्याही पलीकडे, सराव चाले. झेप घेऊन जमिनीलगतचा चेंडू उचलावयाचा आणि त्याच झोकात कोलांटी खाऊन उभे राहावयाचे, ही त्यांची खास विद्या. राष्ट्रीय संघासाठी निराळी जुळवाजुळव न करता जपानने बहुतांशी हाच संघ उचलला. मेळ आयताच मिळाला. १९६२ साली मॉस्कोत सोव्हिएत संघाला हरवून या मुली जगज्जेत्या झाल्या.

खरा प्रश्न येथे आला. कर्णधार मासाए कासाई तेव्हा २९ वर्षांच्या होत्या. त्यांना व त्यांच्या सोबतिणींना आता खेळ पुरे करून संसार थाटावयाचा होता. दाइमात्सूंचाही विचार निवृत्तीचाच होता. पण १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलला प्रथमच स्थान मिळणार होते. लोकांची पत्रांवर पत्रे आली, आणि विसावा दोन वर्षे पुढे गेला. सबंध राष्ट्राचा आग्रह मोडणे सोपे नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. तरी ज्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडावयाची होती, त्या मुलींना नाही म्हणावयास कितपत जागा उरली होती, असे विचारल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या सरावावरील एका लघुपटाचा १९६४ साली कान येथे गौरव झाला. परदेशात त्याचे नाव होते 'विजयाची किंमत'!

२३ ऑक्टोबर १९६४ रोजी सोव्हिएत संघ तीन डावांत हरला. जपानच्या १२ खेळाडूंपैकी १० कायझुकाच्या होत्या. त्यानंतर दाइमात्सु गेले, कासाईही गेल्या. वर पाहावयास आपल्याला वेळच मिळाला नाही, असे त्यांनी पंतप्रधान सातो यांना सांगितले, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी मध्यस्थी केली आणि १९६५ साली त्यांचा विवाह झाला. १९६८ साली मेक्सिकोस गेलेला महिला संघ जवळजवळ सगळाच नवा होता. तेथे सोव्हिएत संघाने सुवर्ण नेले. रौप्यपदक म्हणजे काही नामुष्की नव्हे. पण जुन्यांनी नव्यांच्या शेजारी उभे राहून शिकवावे, ते मात्र फारसे घडले नव्हते.

दुसरी रीत पुरुषांच्या संघाची. टोकियोत त्यांना कांस्यपदक मिळाले होते, पण महिलांच्या जयघोषात ते झाकून गेले. पुढे यासुताका मात्सुदाइरा शिक्षक झाले. त्यांनी हिशेब मांडला तो आठ वर्षांचा. मोरिता, योकोता, ओको ही उंच तरुण मंडळी त्यांनी हाती घेतली. पण टोकियोचे सेटर नेकोदा व मिनामी यांना सोडले नाही. सराव येथेही सौम्य नव्हता, खेळाडूंना कसरतपटूंप्रमाणे उड्या मारावयास लावीत. फरक इतकाच की, सारा भार एकाच पिढीच्या खांद्यावर नव्हता. १९६८ साली रौप्य आले.

१९७२ साली म्युनिकच्या उपांत्य सामन्यात बल्गेरियाने पहिले दोन डाव घेतले. तेव्हा मात्सुदाइरांनी बाकावरचे मिनामी आणि नाकामुरा मैदानात उतरविले. दोघेही तिशीच्या आसपासचे, दोघेही टोकियोच्या संघातले. जपानने पुढचे तिन्ही डाव घेतले, आणि अंतिम सामन्यात पूर्व जर्मनीला ३-१ असे हरविले.