४०, कॅम्डेन रोड

लंडन शहर बत्तीस बरोंमध्ये वाटलेले आहे. बरो म्हणजे स्वतःचे नगरसेवक, स्वतःचा कर आणि स्वतःची घरे असलेली छोटी महापालिकाच. त्यातला कॅम्डेन १९६५ साली हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस हे तीन जुने बरो एकत्र करून झाला. लोकवस्ती दोन लाखांच्या थोडी वर. ब्रिटिश म्युझियम, कार्ल मार्क्सची कबर, किंग्ज क्रॉस, युस्टन आणि सेंट पँक्रस ही मोठी रेल्वे स्थानके, सगळे याच हद्दीत. हॅम्पस्टेडच्या टेकडीवर अतिश्रीमंतांचे बंगले आहेत आणि तासाभराच्या पायी अंतरावर नगरपालिकेच्या चाळीवजा इमारतींत भिंतीला ओल आलेली कुटुंबे राहतात. या सगळ्यांच्या हातात दर गुरुवारी फुकट पडणारे एक साप्ताहिक आहे, ‘कॅम्डेन न्यू जर्नल’. त्याचे कार्यालय कॅम्डेन टाउन स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर, ४० क्रमांकाच्या जागेत, रस्त्याला लागून. चार दशकांहून अधिक काळ ते तग धरून आहे, आणि त्याची वाटचाल मराठी वाचकाने समजून घ्यावी अशी आहे.

सुरुवात संपातून झाली. ‘कॅम्डेन जर्नल’ हे जुने साप्ताहिक एका वृत्तपत्र-साखळीच्या मालकीचे होते. १९८० च्या अखेरीस मालकांनी ते बंद करायचे ठरवले. पत्रकारांनी संप पुकारला आणि तो वर्ष उलटून गेले तरी चालूच राहिला. ब्रिटनमध्ये ते थॅचरबाईंचे दिवस होते, कामगार संघटनांचा जोर ओसरू लागला होता. अशा वेळी संपकऱ्यांना तडजोडीत पैसे मिळाले असते तर बहुतेकांनी ते घेऊन दुसरी नोकरी धरली असती. यांनी नाव मागितले. एक पौंड मोजून त्या बंद पडलेल्या वृत्तपत्राचे नाव विकत घेतले, त्यात ‘न्यू’ हा शब्द घातला आणि १९८२ च्या मार्चमध्ये पहिला अंक काढला. शोधपत्रकार पॉल फूट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भांडवल फारसे नव्हते. होते ते एवढेच की बरोतली प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक नगरसेवक त्यांना तोंडपाठ होता, आणि संपाच्या काळात रस्त्यावर उभे राहून जोडलेली माणसे होती.

संपादक झाले एरिक गॉर्डन. मँचेस्टरच्या एका ज्यू कुटुंबातला, १९३१ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणापासून डाव्या विचारांचा. १९६५ मध्ये पत्नी मारी आणि शाळकरी मुलगा किम यांना घेऊन ते चीनला गेले, तिथल्या परकीय भाषांच्या प्रकाशनगृहात काम करायला. नवा समाज घडताना डोळ्यांनी पाहायचा होता. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. गॉर्डन जे दिसेल ते टिपून ठेवत होते. १९६७ च्या अखेरीस देश सोडताना त्या लपवलेल्या नोंदी अधिकाऱ्यांच्या हाती लागल्या आणि तिघांनाही पेकिंगमधल्या एका हॉटेलच्या खोलीत डांबले गेले. सुटका झाली ती १९६९ च्या ऑक्टोबरात. जवळजवळ दोन वर्षे आई, बाप आणि वाढत्या वयाचा मुलगा एका खोलीत. गॉर्डन यांनी त्यावर पुढे पुस्तकही लिहिले.

हा तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण त्याशिवाय पुढची चाळीस वर्षे नीट उलगडत नाहीत. ज्या विचाराच्या ओढीने ते घरदार उचलून गेले, त्याच विचाराच्या राज्यात नोंदवही बाळगणे हा गुन्हा ठरला. परत आल्यावर त्यांनी विचार टाकला नाही आणि नोंदवहीही टाकली नाही. कॅम्डेनमध्ये बहुतेक काळ मजूर पक्षाची सत्ता राहिली आहे. गॉर्डन यांचे मन त्या बाजूचे, पण त्यांच्या साप्ताहिकाने सर्वांत जास्त जाब विचारला तो याच पक्षाच्या नगरपालिकेला. सरकारी घरांच्या दुरुस्तीला लागणारा वेळ, बंद होणारी ग्रंथालये, बिल्डरांशी होणारे करार, सगळे छापले. मधल्या २००६ ते २०१० या काळात लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर पक्षाची आघाडी आली, तिच्याकडेही तोच हिशेब मागितला.

स्थानिक वृत्तपत्राचे काम बाहेरून किरकोळ दिसते. एखादे झाड तोडायचे आहे, एखाद्या पबच्या जागी फ्लॅट बांधायचे आहेत, एखाद्या शाळेसमोरचा रस्ता वाहनांना बंद करायचा आहे. लंडनमध्ये असा प्रत्येक अर्ज नगरपालिकेकडे जातो आणि त्याची नोटीस जवळच्या दिव्याच्या खांबाला बांधली जाते. वर अर्जाचा क्रमांक, खाली पत्ता, मग कारकुनी भाषेत दोन ओळींचा मजकूर आणि हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख. पावसात भिजत ती तिथे लटकत असते आणि शंभरातले नव्याण्णव लोक तिच्याकडे न पाहता पुढे जातात. तिच्यातल्या त्या दोन ओळी वाचून, अर्जदार कोण, जागा कोणाची, आधी काय ठरले होते आणि आता काय बदलले हे शोधून, हरकतीची मुदत संपायच्या आत साध्या इंग्रजीत छापणे म्हणजे स्थानिक बातमीदारी. निर्णय झाल्यावर बातमी देणारे पुष्कळ असतात. होण्याआधी देणारा लागतो, आणि तो त्याच वस्तीत वावरणारा असावा लागतो.

या साप्ताहिकाचा माझ्या मते सर्वांत जिवंत भाग म्हणजे वाचकांची पत्रे. ती एका कोपऱ्यात नसतात, पानेच्या पाने असतात. निवृत्त शिक्षिका, नगरसेवक, भाडेकरू संघाचे चिटणीस, सायकलवाले आणि सायकलवाल्यांवर चिडलेले, सगळे नावानिशी भांडतात. या आठवड्यात नगरपालिकेच्या सभापतीने काही म्हटले की पुढच्या आठवड्यात त्याला उत्तर आलेलेच असते. २०११ मध्ये खर्चकपातीत बरोतली तीन छोटी ग्रंथालये नगरपालिकेने सोडून द्यायची ठरवली तेव्हा याच पानांवर वाद पेटला. त्या भागात राहणारे नाटककार अ‍ॅलन बेनेट यांनीही ग्रंथालयांची बाजू घेतली. शेवटी ती तिन्ही रहिवाशांनी स्वयंसेवकांच्या बळावर चालवायला घेतली. नाताळच्या आधी वृत्तपत्र एकाकी आणि गरजू लोकांसाठी खाऊच्या टोपल्यांचा निधी जमवते, तोही याच नात्यातून.

या कामाची किंमत किती, हे २०१७ च्या जूनने दाखवले. १४ जूनच्या पहाटे पश्चिम लंडनमधला ग्रेनफेल टॉवर जळाला आणि ७२ माणसे गेली. तो टॉवर केन्सिंग्टन आणि चेल्सी या श्रीमंत बरोत. तिथल्या रहिवाशांच्या गटाने इमारतीच्या सुरक्षेबद्दल आदल्या वर्षीच लेखी इशारे देऊन ठेवले होते, २०१६ च्या नोव्हेंबरातला तर फारच स्पष्ट होता. ते उचलून धरणारे भक्कम स्थानिक वृत्तपत्र तोवर उरले नव्हते. त्या भागातले जुने ‘क्रॉनिकल’ २०१४ मध्येच बंद पडले होते. वृत्तपत्र असते तर आग लागली नसती असे म्हणणे मृतांवर अन्याय होईल. पण ते इशारे छापून आले असते, नगरसेवकांना नाव घेऊन विचारले गेले असते, आणि माहीत नव्हते असे म्हणायला कोणाला जागा राहिली नसती, एवढे मी खात्रीने म्हणेन.

नऊ दिवसांनी पाळी कॅम्डेनवर आली. स्विस कॉटेजजवळच्या चॅलकॉट्स वसाहतीतल्या उंच इमारतींना बाहेरून लावलेले आवरण ग्रेनफेलसारखेच निघाले. २३ जूनच्या शुक्रवारी संध्याकाळी अग्निशमन दलाने आतली अवस्था पाहून रहिवाशांना राहू देता येणार नाही असे सांगितले आणि पाचपैकी चार टॉवर त्याच रात्री रिकामे करायला सुरुवात झाली. हजारो माणसे पिशव्या, लहान मुले, औषधे घेऊन खाली उतरली. बरीचशी जवळच्या क्रीडासंकुलात हवा भरलेल्या गाद्यांवर झोपली. आठवड्याचा अंक आदल्याच दिवशी वाटून झाला होता. एखाद्या साप्ताहिकाला यापेक्षा गैरसोयीचा वार सापडणार नाही. जगभरचे कॅमेरे त्या रात्री आले आणि यथावकाश गेले. घरी कधी परतता येईल, दारे आगीला किती वेळ थोपवतील, आवरण काढल्यावर हिवाळ्यात गारठ्याचे काय, खर्च कोण भरणार, हे प्रश्न मात्र वर्षानुवर्षे चालले. ते धरून बसणे हेच स्थानिक वृत्तपत्राचे काम.

युस्टनची कथा आणखी लांबलेली. लंडन ते बर्मिंगहॅम अतिजलद रेल्वेला संसदेने २०१७ च्या फेब्रुवारीत मंजुरी दिली आणि स्थानकामागचा भाग खणायला सुरुवात झाली. रीजंट्स पार्क वसाहतीतल्या नगरपालिकेच्या इमारती पाडल्या गेल्या. सेंट जेम्स गार्डन्स ही जुनी दफनभूमी उकरली. तिथे २०१९ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सचे अवशेष शवपेटीवरच्या शिशाच्या पत्र्यावरून ओळखले गेले. झाडे तोडण्याच्या निषेधार्थ जवळच्या चर्चच्या धर्मगुरू बाईंनी स्वतःला साखळीने झाडाला बांधून घेतले. ही दृश्ये देशभर दिसली. पण याच स्थानकाच्या कुशीत ड्रमंड स्ट्रीट आहे. लंडनला गेलेल्या कितीतरी मराठी माणसांनी तिथे ‘दिवाना’मध्ये भेळपुरी खाल्ली असेल, ‘अंबाला’ची मिठाई घेतली असेल. बांधकामाच्या पत्र्यांनी गल्लीची तोंडे आवळली आणि गिऱ्हाईक आटले, ही त्या दुकानदारांची व्यथा राष्ट्रीय वृत्तपत्राच्या दृष्टीने अर्ध्या परिच्छेदाची. स्थानिक साप्ताहिकाला ती दर महिन्याची बातमी.

या बरोशी आपले एक थेट नातेही आहे. प्रिमरोज हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन तिथे स्मारक केले. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर नगरपालिकेची परवानगी लागते. शेजारच्या दोघांनी हरकत घेतली आणि २०१८ मध्ये कॅम्डेनने परवानगी नाकारली. राहती जागा कमी होते, हे कारण. अपील झाले, पुढच्या वर्षी सुनावणी झाली आणि २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने स्मारकाच्या बाजूने निकाल दिला. महाराष्ट्रात ही बातमी अस्मितेची होती आणि ते स्वाभाविकच आहे. कॅम्डेनमध्ये ती दिव्याच्या खांबावरच्या नोटिशीतून सुरू झालेली, हरकती, मुदती आणि समितीच्या टिपणांतून पुढे गेलेली बाब होती. दोन्हीकडून पाहिल्याखेरीज ती पुरती कळत नाही. बाबासाहेब त्या घरात राहत असताना मुंबईत ‘मूकनायक’ निघत होते. ३१ जानेवारी १९२० ला शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने सुरू झालेले हे पाक्षिक त्यांच्या मागे सहकाऱ्यांनी कसेबसे ओढले आणि १९२३ मध्ये ते थांबले. ज्यांची दखल मोठी वृत्तपत्रे घेत नाहीत त्यांनी आपले वृत्तपत्र स्वतः काढले पाहिजे, हे ज्याने ओळखले तो माणूस काही काळ याच वस्तीचा रहिवासी होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पैशाचे गणित सोपे कधीच नव्हते. अंक फुकट, म्हणून सगळा भार जाहिरातींवर. घरांचे दलाल, दुकाने, नाट्यगृहे आणि कायद्याने स्थानिक वृत्तपत्रात द्याव्याच लागणाऱ्या सरकारी नोटिसा. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या तशी ब्रिटनमधली स्थानिक वृत्तपत्रे पडू लागली. २००५ नंतरच्या पंधरा वर्षांत अडीचशेहून अधिक बंद झाली. साखळ्यांनी जी राखली त्यांतल्या अनेकांची कार्यालये वस्तीतून हलवली, बातमीदार दूरच्या शहरात बसू लागले. कॅम्डेन न्यू जर्नल कोणत्याही साखळीचे नाही. नफ्यातला वाटा दूरच्या भागधारकांना पाठवायचा नाही, म्हणून कमी उत्पन्नातही ते बातमीदार ठेवू शकले. त्यातून ‘इस्लिंग्टन ट्रिब्यून’सारखी शेजारच्या बरोची भावंडेही निघाली.

५ एप्रिल २०२१ रोजी गॉर्डन गेले, ८९ व्या वर्षी, संपादकाच्या खुर्चीवर असतानाच. पहिल्या अंकापासून एकोणचाळीस वर्षे. त्यांच्यानंतर संपादकपद आले ते याच साप्ताहिकात बातमीदारी करत मोठे झालेल्या रिचर्ड ऑस्ली यांच्याकडे. बाहेरून कोणी आणावा लागला नाही.

२०२४ च्या जुलैत होबर्न आणि सेंट पँक्रसचे खासदार किअर स्टार्मर पंतप्रधान झाले. देशासाठी ते पंतप्रधान, कॅम्डेनकरांसाठी २०१५ पासूनचे आपले खासदार, ज्यांना वसाहतीतल्या लिफ्टबद्दल आणि युस्टनबद्दल पत्र लिहायचे असते. युस्टनचे काम २०२३ मध्ये दोन वर्षांसाठी थांबवले होते, पुढे बोगद्याला पैसे मंजूर झाले. पाडलेल्या घरांच्या जागी काय आणि कोणासाठी उभे राहणार, याची कागदपत्रे टप्प्याटप्प्याने नगरपालिकेत येत राहतील, आणि प्रत्येक टप्प्याची नोटीस खांबावर लागेल.