घावन आणि आगबोट

कोकणी मुसलमानांच्या इतिहासावर आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात गलबते पुष्कळ आहेत, बंदरे आहेत, घोड्यांचा आणि खजुरांचा व्यापार आहे. चूल मात्र नाही. समुद्र ओलांडून आलेल्या पुरुषांची नोंद सापडते. त्यांना सकाळी कोणी काय करून वाढले, याची सापडत नाही. आम्हाला हा इतिहास अर्धा वाटतो.

उरलेला अर्धा शोधायला फार लांब जावे लागत नाही. आम्ही राहतो त्या अंधेरी-जोगेश्वरीच्या पट्ट्यात सकाळी सातच्या सुमारास एखाद्या जुन्या चाळीचा जिना चढून गेले तरी पुरे. तापलेल्या बिडावर पातळ पीठ पडले की चर्र असा आवाज येतो. तेवढ्यावरून दाराआड कोणते कुटुंब आहे ते सांगता येत नाही. रत्नागिरीकडचे मराठे असतील, दापोलीकडचे मुसलमान असतील, गावठाणातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती असतील, नाहीतर मंगळूरकडचे कोणी. घावन, पानपोळी, चिताप, नीर डोसा. नावे चार, पण तांदळाचे पीठ, पाणी आणि मीठ तेच.

अंधेरीत आंबोली नावाचे जुने गाव आहे आणि कोकणात आंबोळी नावाचा पदार्थ आहे. दोघांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण असे मोह इतिहासात टाळलेले बरे. शिवाय आंबोळी आणि घावन ही सख्खी भावंडे नव्हेत. आंबोळीला उडीद लागतो, रात्रभर पीठ आंबावे लागते. घावनाला वाट पाहणे माहीत नाही. पीठ ताकासारखे पातळ कालवायचे, नारळाच्या शेंडीने बिडाला तेल पुसायचे, पळीने कडेकडून आत ओतत यायचे आणि झाकण ठेवायचे. पिठात पाणीच इतके असते की तापल्या लोखंडावर त्याची वाफ होऊन ती वर सुटते आणि तिच्या वाटांची जाळी पडते. आंबवण्याने जे काम होते ते इथे आच करते. तांदूळ जुना हवा, नवा तांदूळ बिडाला चिकटतो. उलटायची गरज नाही; चौघडी घालून ताटात टाकायचे. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी, गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस, किंवा रात्रीचे उरलेले कालवण.

या पदार्थाची एक खोड आहे. तो प्रवासाला येत नाही. गरम असतो तोवर मऊसूत, तासाभरात वातड. म्हणून बोटीच्या प्रवासात शिदोरीला तांदळाची भाकरी असे, सुका जवळा असे, उकडलेली अंडी असत. घावन कधीच नसे. आणि तरीही आमच्या पिढीच्या मनात बोटीचा प्रवास आणि घावन यांची गाठ पक्की बसलेली आहे. ती का, ते सांगायला हवे.

कोकणची आगबोट पावसाळ्यात बंद असे. मे महिना गावी काढून आम्ही हंगामातल्या शेवटच्या बोटींपैकी एखाद्या बोटीने परतायचो. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग ही नावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी बोटीवर शिकलो. (मुसाकाजी या नावाचे एक बंदर राजापूरच्या किनाऱ्यावर आहे, हे मुंबईत सांगितले तर आजही लोकांना थट्टा वाटते.) बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. पडावात बसून समुद्रात जायचे आणि हेलकावणाऱ्या शिडीवरून चढायचे. लहान मुलांना खलाशी हातोहात वर घेत. रात्र डेकवर, पत्र्याच्या ट्रंकांच्या आडोशाला. सकाळी भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या धक्क्यावरून अर्धे कोकण मुंबईत उतरले. तिथून डॉकयार्ड रोड स्टेशन, आणि लोकल बदलत अंधेरी.

घर महिनाभर बंद. भाजी नाही. दूध कार्डावर मिळायचे ते आरेच्या केंद्रावर, आणि ती वेळ केव्हाच टळून गेलेली. पावाची भट्टी लांब. पण ट्रंकेत फडक्यात बांधलेले पीठ असे. तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, गावच्या जात्यावर दळलेले. ट्रंकेशेजारच्या गोणीत नारळ असत. दादी बुरखा खुंटीला लावायची आणि आधी बीड चुलीवर चढवायची. अर्ध्या तासात कोरा चहा आणि घावन. प्रवास संपल्याची खूण तीच होती. घावन बोटीवर आले नाही, पीठ आले. ते कालवण्याची रीतही त्याच बोटीने आली.

या पिठाला एके काळी फार किंमत आली होती. १९४२ साली रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यानुसार आमच्या घरांत गव्हाची चपाती खऱ्या अर्थाने शिरली ती त्या दिवसांत, आणि ती लाटताना बायका रडकुंडीला येत. गावाहून पायली-दोन पायली तांदूळ घेऊन कोणी आले तर त्या दिवशी घरात सण असे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आम्हाला शेजारी विचारतात, कचेरीत विचारतात, लोकलमधला अनोळखी सहप्रवासीही विचारतो. त्याचे आम्हाला फारसे काही वाटत नाही. वाईट याचे वाटते की आम्ही स्वतःही तो एकाच बाजूने सोडवतो. आमच्या कितीतरी घरांत शजरा जपून ठेवलेला असतो. बापाकडून बापाकडे जात तो बसऱ्याला, हद्रमौतला, मदिन्याला पोहोचतो. हज्जाज बिन युसुफच्या जुलमाला कंटाळून पूर्वज जहाजात बसले, अशी परंपरा नवायतांत सांगितली जाते. ही सारी परंपरा खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की शजऱ्यात आयांची नावे नसतात.

अल्-मसूदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपले चौल, अलिबागपासून हाकेच्या अंतरावर. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक त्यांत होते. इथे लग्ने करून ते कायमचे राहिले होते. शिवाय 'बयासिरा' नावाचा एक वर्ग होता. हिंदच्या भूमीत मुसलमान आईबापांपोटी जन्मलेल्यांना हे नाव होते, असे तोच सांगतो. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच चौलला 'इथेच जन्मलेला मुसलमान' हा वेगळा ओळखला जाण्याइतका जुना झाला होता. लग्ने कोणाशी झाली हे मसूदीने सांगितलेले नाही. पण सिराफची गलबते व्यापाराला निघत, वरातीला नव्हे. त्या पहिल्या घरांतली चूल इथल्याच किनाऱ्यावरच्या बाईने पेटवली, असे आम्ही मानतो. आणि तिने त्यावर जे केले ते आजही होते आहे.

याच काळातला दुसरा पुरावा बोरिवलीहून डहाणूच्या गाडीत बसले की दोनएक तासांच्या टापूत आहे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूटांचे ताम्रपट मिळाले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजाच्या वतीने संजाणच्या मंडळावर तेव्हा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. ताम्रपट त्याला मधुमती म्हणतो. हे मुहम्मद या नावाचेच संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. त्याच्या कारकिर्दीत तिथल्या मठाला जमीन दान मिळाली, हे तर आहेच. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच ओळीने. या माणसाने दोन प्रवाहांवर मोफत तरीची सोय केली आणि संजाणला एक अन्नछत्र घातले. तिथे येणाऱ्याला साळीचा भात, कालवणे आणि तूप फुकट मिळे. किनाऱ्यावरच्या एका मुसलमान अधिकाऱ्याच्या पुण्याईत होडी आणि भात जोडीने मोजले गेले आहेत. आम्हाला हे वाचून आमच्या ट्रंकेतले पीठ आठवले, तर वाचकांनी हसू नये.

चार शतकांनंतर इब्न बतूता याच किनाऱ्याने खाली गेला. दिल्ली त्याने १३४२ साली सोडली होती. होन्नावरच्या सुलतानाकडे आपण अकरा महिने राहिलो आणि तेवढ्या काळात रोटी खाल्ली नाही, कारण या लोकांचे अन्न म्हणजे भातच, असे तो सांगतो. पुढे मलबार, मालदीव, सिलोन धरून तीन वर्षे भातावर काढली. शेवटी घास पाण्याबरोबर गिळावा लागे, अशी त्याची तक्रार आहे. लक्षात घ्या, होन्नावरचा सुलतान मुसलमान होता, प्रजेतही मुसलमान पुष्कळ होते. तरी पाहुण्यासाठी गहू आला नाही. धर्म पश्चिमेकडून आला, पण न्याहारीला गहू आला नाही. बतूताला कोणी गरम घावन वाढले असते तर त्याने तक्रार थोडी सौम्य केली असती, असे उगाच वाटते.

उलट दिशेनेही पाहावे. 'नाश्ता' हा शब्द फारसी. 'न्याहारी'चे नातेही फारसी 'नहारी'शी लागते. 'तवा'सुद्धा फारसीच. बांधावर बसून भाकरी सोडणारा शेतकरी न्याहारी म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी इराणचा शब्द असतो. आमची दादी बीड, पळी, उलथणे, काथवट म्हणायची तेव्हा तिच्या तोंडी कोकण असायचे. कोणाचे काय आहे याच्या वाटण्या करायला बसले तर दोघांनाही उपाशी उठावे लागेल.

साष्टी बेट १५३४ नंतर पोर्तुगीजांकडे गेले. इथली किती गावे ख्रिस्ती झाली, आडनावे बदलली, १८८७ साली त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन हे नाव घेतले. चिताप राहिले. अंधेरी १९५० साली मुंबईच्या हद्दीत आली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. मग कोकणातून आलेली कुटुंबे याच गावठाणांच्या कडेला खोल्या घेऊन राहिली. कोणी कोणाकडून घावन शिकले नाही. सगळे आपापले घेऊनच आले होते.

बोटी १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबल्या. बरीचशी माणसे त्याआधीच एसटीकडे वळली होती. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. आखाताकडे गेलेल्यांच्या सामानातूनही पीठ गेले. आता तयार पिठाची पाकिटे मिळतात. त्यांत जाळी नीट पडत नाही असा आमच्या घरातल्या बायकांचा निर्वाळा आहे आणि नॉनस्टिक तव्यालाही त्यांची नापसंती आहे. म्हणून तांदूळ अजून धुऊन गॅलरीत वाळत पडतो. जोगेश्वरीच्या आमच्या गिरणीवाल्याने तांदळाची वेळ सकाळची ठेवली आहे, गव्हाच्या आधी, म्हणजे दगडात गव्हाचे पीठ राहत नाही. डबे रांगेत लावलेले असतात. झाकणावर खडूने खुणा केलेल्या असतात, कारण डबे सगळे सारखेच दिसतात.