मळवलीचा दगड आणि चाकणचा पडदा



चाकणच्या पंचक्रोशीतल्या एका गावाची जुनी छायाचित्रे गोळा करून त्यांची पुस्तिका छापावी, असा उद्योग आम्ही काही शिक्षकांनी मध्यंतरी हाती घेतला होता. कारखाने येण्यापूर्वीचा गाव त्या चित्रांत होता. मोटेची विहीर, शाळेपुढचा पार, बैलगाडीत बसलेलं वऱ्हाड. त्या जमिनीवर आता पत्र्याच्या शेड उभ्या आहेत. गावाला आपलं जुनं रूप पाहायला ही चित्रंच काय ती उरली. एका विद्यार्थ्याने ती संगणकात घेऊन महिनाभर साफ केली. पडद्यावर ती अशी झळकत की आम्ही सगळे खूष. छापून आली तेव्हा मात्र काळवंडलेली! एक म्हातारबुवा वऱ्हाडाचं चित्र डोळ्यांशी धरून म्हणाले, "गुरुजी, यात बैल तेवढे ओळखू येतात. आमची आई कुठंय?"

आम्ही छापणाऱ्याला दोष देऊन मोकळे झालो. दोष त्याचा नव्हता. तो का नव्हता, हे समजायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. पण लांब जावे लागत नाही. पिंपरी-चिंचवडवरून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीला उतरले की झाले.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. पुढे प्लेगच्या दिवसांत, १८९९ च्या सुमारास, तो छापखाना कार्ल्याच्या लेण्यांजवळ मळवलीला आला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती पुष्कळदा तिथूनच आलेली. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली आग लागून तिथला मोठा ठेवा गेला.

शिळाछापाची रीत मोठी कष्टाची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकाच कागदावर एकामागून एक दगडाचा ठसा उठवायचा, तेव्हा चेहऱ्यावर लाली आणि शालूवर जर उमटायची. अशा कामात कच्ची प्रत काढायची, मूळ चित्राशेजारी धरायची, स्वच्छ उजेडात पाहायची आणि शाई बदलायची. कच्ची प्रतही कागद आणि मूळ चित्रही रंगवलेले. दोन्हींवर उजेड बाहेरून पडणार. तेव्हा तुलना सरळ होती.

संगणकाच्या पडद्याने इथेच घोटाळा केला. कागद उजेड परत फेकतो, पडदा स्वतःच उजेड देतो. लाल, हिरवा आणि निळा या तीन उजेडांतून सारे रंग जुळवता येतात, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये एका रंगीत फितीचे चित्र पडद्यावर टाकून दाखवले होते. आपल्याकडे दूरदर्शनला रंग आला १९८२ साली. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिकाही त्याच सालची. तेव्हाचे रंगीत संच ज्यांना आठवतात त्यांना हेही आठवेल की एकाच निवेदिकेचा चेहरा एका घरी गुलाबी, तर शेजारी पिवळट दिसे. ज्याने त्याने आपापली बटणे पिरगाळलेली! पडद्यापडद्यांत एकवाक्यता यावी म्हणून ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ साली 'एसआरजीबी' हे रंगांचे माप मांडले. १९९९ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले.

आता आमच्या चुकीकडे येतो. दुकानातून आलेला मॉनिटर भडक लावलेला असतो. दर चौरस मीटरला अडीचशे-तीनशे कँडेला इतका उजेड. त्यावर चित्र आधीच लख्ख दिसते, म्हणून माणूस ते आणखी उजळत नाही, उलट थोडे दाबतो. कागदाला तो उजेड कुठून यायचा? छापाच्या कामासाठी पडद्याचा उजेड ८० ते १२० कँडेलापर्यंत उतरवावा लागतो. पहिल्या दिवशी तो मेल्यासारखा वाटतो. चार दिवसांत डोळा बसतो.

आम्ही नवा मॉनिटर घेतला तो २७ इंची, ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा. एका इंचात सुमारे १६३ ठिपके, साध्या १९२० बाय १०८० च्या दुप्पट. जुन्या चित्रावरचा ओरखडा आणि पागोट्याची घडी यांतला फरक त्यावर नीट कळतो. पण बारीक दिसणे निराळे आणि खरे दिसणे निराळे. म्हणून पडदा आयपीएस जातीचा घेतला. बाजूने पाहिले तरी त्याचा रंग फारसा पालटत नाही. त्याने एसआरजीबीचे सगळे रंग दाखवावेत, हेही पाहिले. मग कॅलिब्रेटर आणला. हे उपकरण पडद्यावर पालीसारखं चिकटून बसतं, एकेक रंग मोजतं आणि संगणकाला दुरुस्तीचा तक्ता देतं. पडदा अर्धा तास तापू द्यायचा, मग मोजायचं. पांढरा रंग ६५०० केल्विनला, गॅमा २.२. आमचे चित्र तर काळे-पांढरे, त्याला हे कशाला, असं एकाने विचारलं. पण पडद्याचा पांढरा निळसर असला तर जुन्या कागदाची पिवळी झाक कळतच नाही.

खोलीचंही पाहावं लागलं. खिडकी पडद्यासमोर नको, पाठीमागेही नको. भिंत हिरवी होती, ती राखाडी केली. त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली, असे विद्यार्थी सांगत होता. छापील प्रत पाहायला ५००० केल्विनचा दिवा निराळा ठेवला.

मग सबंध पुस्तिका छापण्याआधी त्या वऱ्हाडाच्या चित्राची एकच प्रत काढली आणि मळवलीच्या कारागिरासारखी मुळाशेजारी धरली. सावलीतले चेहरे अजून एक पायरी उजळावे लागले. दुसरी प्रत घेऊन म्हातारबुवांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं, आणि गाडीच्या मागल्या बाजूला बोट ठेवलं.

"ही. आणि हिच्या मांडीवर आहे ना, तो मी."