एकखांबी तंबू आणि किर्लोस्करवाडी

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असते, आणि ‘गाव करी ते राव न करी’ ही दुसरी म्हणही तितकीच जुनी आहे. दोन्ही खऱ्या, पण एकट्याने धंदा थाटणाऱ्या माणसाला पहिली फार आवडते आणि दुसरी फार उशिरा आठवते. माल तोच आणणार, हिशेब तोच लिहिणार, गिऱ्हाइकाची मनधरणी तोच करणार आणि रात्री कुलूपही तोच लावणार! असा एकखांबी तंबू काही दिवस डौलाने उभा राहतो. धंदा वाढला, की सारा भार त्या एकाच खांबावर येतो आणि मग खांब कधी कलेल याचा नेम नसतो. या अडचणीतून वाट कशी काढावी, याचा एक वस्तुपाठ आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात घडला आहे. दिवाळीच्या निवांत वेळी तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना काही रंगांतला भेद उमगत नाही असे निघाले. तेव्हा त्यांनी कुंचला ठेवला, यांत्रिक रेखाटन शिकून घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून, किर्लोस्करांच्या धंद्याचा आरंभ मानतात. मुंबईत सायकली खरेदी करून लक्ष्मणराव पाठवीत. त्या बेळगावात विकणे आणि हौशी मंडळींना त्यांवर बसायला शिकवणे हे काम बंधू रामूअण्णांचे. पुढे मोठ्या झालेल्या कारभाराचे बीज या लहानशा वाटणीत दिसते.

बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करायला घेतले. नांगर तयार झाला. पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली म्हणतात! कारखानदाराला येथे एक गोष्ट कळते. लोखंड भट्टीत वितळवणे वेगळे आणि माणसाच्या मनातली शंका वितळवणे वेगळे. भट्टीपाशी उभा असलेला माणूस त्याच दिवशी दहा कोसांवरच्या शेताच्या बांधावर उभा राहू शकत नाही.

इतक्यात बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड हलवण्याची पाळी आली. त्या वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचा माळ तो! पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह तेथे आले आणि १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा जन्म झाला.

आता विचार करा. कारखाना उभा करायचा, घरे बांधायची, पाण्याची सोय करायची, माल विकायचा, कोर्टकचेरीही पाहायची. लक्ष्मणराव हे सारे स्वतःच करू जाते, तर निवडुंगाने पुन्हा माळ जिंकला असता. त्यांनी माणसे निवडली आणि एकेकाच्या हाती एकेक क्षेत्र दिले. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे. यंत्रे चालती ठेवण्याची जबाबदारी शंभुराव जांभेकरांची. हिशेब आणि कचेरी मंगेशराव रेग्यांची. व्यवस्थापन, तिजोरी, विक्री, कायद्याची कामे आणि बाहेरच्या जगाशी बोलणे हे के. के. कुलकर्ण्यांचे. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्धवट सुटले होते. येथे त्यांच्यातून कल्पक यंत्रज्ञ घडला. पदवी पाहून काम दिले असते, तर हा माणूस दारातूनच परतला असता.

आणि राखण? ती तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे! दोघेही दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले. ज्यांना एरवी कोणी आपल्या अंगणात उभे केले नसते, त्यांच्या भरवशावर सारी वाडी झोपी जात असे, आणि ते दोघे त्या भरवशाला पुरेपूर उतरले. कामे वाटून देणारे मालक पुष्कळ असतात. पण बहुतेक जण हमालीचे काम देतात आणि निर्णय स्वतःच्या खिशात ठेवतात. मग हाताखालचा माणूस पदोपदी विचारायला येतो आणि मालकाचा भार होता तेवढाच राहतो. विश्वासासकट दिलेले कामच खरे हलके होते. अर्थात दिलेले काम अगदी आपल्या पद्धतीने होणार नाही, ही खंत पोटात घालावी लागते. सोपवणे म्हणजे वाऱ्यावर टाकणेही नव्हे. त्याआधी माणूस पारखावा लागतो.

याच मुलखात हे नांगर विकत हिंडलेला एक विक्रेता पुढे फार मोठा झाला. त्यांचे नाव भाऊराव पाटील. ओगल्यांचा काच कारखाना, किर्लोस्कर आणि साताऱ्याचा कूपर कारखाना या तिन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. खेड्यापाड्यांतून फिरताना बहुजनांचे अज्ञान त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्या वसतिगृहांत मुले स्वतः कष्टून शिकत. तेथेही काम वाटलेलेच होते.

लक्ष्मणरावांना जमीन देणाऱ्या बाळासाहेबांनी तर कमाल केली. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी औंधला स्वराज्याची राज्यघटना दिली आणि कारभार प्रजेच्या पंचायतींकडे सोपवला. राजाने आपण होऊन राज्य वाटून द्यावे, याची उदाहरणे थोडीच.

वाडीची कसोटी पुढे लागली. १९४८ च्या दंगलीत कारखान्याला आग लावण्यात आली. तरी काम पुन्हा उभे राहिले. त्यापूर्वीच किर्लोस्करांचा धंदा वाडीबाहेर पसरला होता: १९४१ मध्ये हरिहरला, १९४६ मध्ये पुणे आणि बंगळूरला. ठिकठिकाणची धुरा पुढच्या पिढीने उचलली होती.

घरात फराळाच्या कढईपाशी एकटीच उभी राहून ‘दुसऱ्या कोणाला जमायचे नाही’ म्हणणाऱ्या माउलीलाही ही हकीकत वाचून दाखवावी. चकली थोडी वाकडी होईल खरी. पण ती करणारे हात पुढच्या वर्षी तयार असतील.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. मुख्य खांब गेला. तंबू मात्र पडला नाही. ज्या माळावर निवडुंग होता, तेथे आजही पंप तयार होतात.