विमानाच्या नियमांचं आगगाडीचं कूळ

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. तरीही कोरोनाच्या साथीत, मार्च २०२०मध्ये परदेशातून मुंबईत उतरलेला इथला माणूस डाव्या हातावर ‘होम क्वारंटाईन’चा शिक्का घेऊन गावी यायचा, आणि पुढचे चौदा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर पडायची. विमानाचा प्रवासी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आला कसा?

जहाजं चाळीस दिवस अडवणाऱ्या व्हेनिसपासून विमानप्रवाशांच्या नियमांची कुळी सांगायची पद्धत आहे. तिच्या बाजूनं पुरावाही भक्कम आहे. बंदरावरचं क्वारंटाईन संविधानानं केंद्राकडे दिलं, विमानांसाठी १९५४चे सार्वजनिक आरोग्य नियम आहेत, आणि आंतरराष्ट्रीय विमानं २२ मार्च २०२०पासून केंद्रानंच थांबवली. त्या बंदीपुरतं जहाजाचं कूळ मलाही मान्य आहे.

महाराष्ट्राच्या नियमांचा पूर्वज मात्र आगगाडी आहे, असं माझं ठाम मत आहे. १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला आणि लोक मिळेल त्या गाडीनं शहर सोडू लागले. त्यातूनच आलेल्या फेब्रुवारी १८९७च्या साथरोग कायद्यातलं दुसरं कलम आज राज्यांच्या हाती आहे. ‘रेल्वेने किंवा अन्य प्रकारे’ प्रवास करणाऱ्यांना तपासायचा आणि संशयितांना वेगळं ठेवायचा अधिकार ते देतं. केंद्राचं कलम ‘२अ’ मार्च २०२०मध्येही फक्त जहाजांचं होतं. त्यात विमान आणि विमानतळ आले ते एप्रिल २०२०च्या अध्यादेशानं. म्हणजे १४ मार्चला राज्यानं आपली नियमावली काढली, तेव्हा या कायद्यात विमानप्रवाशाला जागा होती ती त्या ‘अन्य प्रकारे’मध्येच! राइट बंधूंच्या उड्डाणाआधी सहा वर्षं लिहिलेली ही तरतूद.

ओमायक्रॉन आला तेव्हा दोन्ही घराणी समोरासमोर आली. ३० नोव्हेंबर २०२१ला राज्यानं जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण सक्तीचं केलं. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी. हे देशभरच्या मार्गदर्शक सूचनांशी जुळत नाही, असं केंद्रानं लगेच कळवलं. २ डिसेंबरला राज्यानं आदेश बदलला. माझ्या मते राज्याची काळजी रास्त होती. विमानतळाबाहेर पडलेला प्रवासी शेवटी कुठल्या तरी जिल्ह्यातच जातो, आणि तिथं त्याच्या दारात जातात त्या आशाताई.